गल्लीपलीकडची शाळा

मुलांनो, सकाळी बरोबर आठ वाजता तुम्ही काय करत असता? कुणी दप्तर भरत असेल, कुणी दुधाचा पेला तसाच ठेवून पळत असेल, आणि सकाळच्या शाळेची मंडळी एव्हाना दुसऱ्या तासाला जांभया देत असतील. खरं ना?

बँकॉकमध्ये आठ वाजता माणसं थांबतात. अगदी जिथल्या तिथे! रेल्वे स्टेशन असो, बाग असो, शाळेचं पटांगण असो. भोंग्यावर राष्ट्रगीत सुरू झालं की चालणारा थांबतो, बसलेला उठतो. संध्याकाळी सहा वाजता झेंडा उतरवतात तेव्हा पुन्हा तसंच. मला हे कुठे ठाऊक? इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भाजीची पिशवी घेऊन, उंचावरून धावणाऱ्या गाडीच्या स्टेशनात तरातरा निघाले होते. एकाएकी सगळं चिडीचूप झालं. मला वाटलं काही अपघात झाला की काय! म्हणून मी आणखीच भरभर चालू लागले. शेकडो माणसं पुतळ्यासारखी उभी, आणि मधून एकटी मी चालतेय, पिशवीतून पालेभाजीचे देठ बाहेर आलेले. शेवटी एका आजोबांनी हाताने हळूच 'थांब' अशी खूण केली. मिनिटभरात गीत संपलं आणि तुमच्या 'स्टॅच्यू'च्या खेळात 'ओव्हर' म्हटल्यावर होतं तसं सगळं स्टेशन पुन्हा धावायला लागलं. आजोबा मात्र हसून पुढे गेले. रागावले नाहीत.

मी आहे सांगली जिल्ह्यातली एक प्राथमिक शिक्षिका. यजमानांची नोकरी बँकॉकला लागली, म्हणून बिनपगारी रजा टाकून २०२३ च्या पावसाळ्यात इथे आले. मला वाटलं होतं, एखाद्या शाळेत लहान मुलांना शिकवता येईल. पण परक्या माणसाला इथे कामाचा परवाना नसेल तर काम करता येत नाही. फुकट शिकवते म्हटलं तरी नाही! म्हणजे मी झाले वर्ग नसलेली बाई. आणि गंमत बघा, आमच्या घराच्या समोर, गल्लीपलीकडे, काय असावं? शाळाच! इथे गल्लीला 'सोय' म्हणतात. ह्या सोयीची मला फार सोय झाली. पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीतून सगळं पटांगण दिसतं. रोज आठला झेंडा, राष्ट्रगीत, मग बुद्धाची प्रार्थना, मग सूचना, मग कधी नखं आणि केस यांची तपासणी. आपल्या परिपाठासारखंच की! मी चहाचा कप घेऊन उभी राहते आणि मनातल्या मनात रांगा सरळ करते. सवय जात नाही.

वरून बघताना पहिली दोन वर्षं एक गोष्ट मला नेहमी दिसायची. सगळी डोकी एकसारखी. मुलांचे केस सैनिकासारखे बारीक, मुलींचे कानाच्या पाळीपर्यंत कापलेले. कोण कुठली, ओळखू म्हटलं तर ओळखू येऊ नये. त्याबद्दल पुढे सांगणार आहे, विसरू नका.

आधी भाषेची गंमत सांगते. इथली लिपी बघितली की वाटतं, बाप रे, जिलब्याच जिलब्या! पण कान उघडे ठेवले की ओळखीचं कुणीतरी भेटतं. शिक्षकाला म्हणतात 'ख्रू'. तो आपला गुरू. भेटल्यावर दोन्ही हात जोडून म्हणतात 'सवत्दी'. ते आपलं स्वस्ति. बाई असेल तर पुढे 'खा' लावते, पुरुष असेल तर 'ख्रप'. वार ऐका: आथित, चान, आंगखान, फुत, फरुहत, सुक, साओ. आदित्य, चंद्र, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनी! मंगळवारच्या चतुर्थीला आपण अंगारकी म्हणतो, तोच हा आंगखान. प्रत्येक वाराला इथे रंग आहे. सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी. महिन्यांना राशींची नावं आहेत. बँकॉक हे नाव तर परक्यांसाठी. इथले लोक आपल्या शहराला 'क्रुंग थेप' म्हणतात. थेप म्हणजे देव, देवांचं शहर. हे त्याचं छोटं नाव झालं. पूर्ण नाव म्हणायला एक श्वास पुरत नाही, आणि त्यात अमर, रत्न, अयुध्या, राजधानी, विष्णुकर्म असे कितीतरी शब्द आहेत. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुध्या ही जुनी राजधानी बेचिराख केली. पुढे १७८२ साली पहिल्या राम राजाने ही नवी राजधानी वसवली. आता गादीवर आहेत ते दहावे राम.

आणि सालाचं ऐका. आल्या आल्या मी दुधाचा डबा घेतला. त्यावरची तारीख वाचली तर साल २५६६! मी यजमानांना म्हटलं, "हे दूध पाचशे वर्षं टिकतं वाटतं." इथे बुद्धाच्या निर्वाणापासून वर्षं मोजतात. आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. मग तुमचा जन्म कुठल्या साली झाला, करा बघू बेरीज!

माणसांची खरी नावंही अशीच लांबलचक, संस्कृत वळणाची. म्हणूनच असेल, पण जन्मल्याबरोबर प्रत्येकाला एक टोपणनाव मिळतं आणि आयुष्यभर तेच चालतं. कुणी मू म्हणजे डुक्कर, कुणी कुंग म्हणजे कोळंबी, कुणी नोक म्हणजे पक्षी, कुणी नुसतंच लेक म्हणजे छोटू. कुणाला हसू येत नाही. पंतप्रधानांनासुद्धा टोपणनाव! श्रेत्था थविसिन यांचं 'निद' म्हणजे थोडंसं. अनुतिन चान्वीरकुल यांचं 'नू' म्हणजे उंदीर. वर्तमानपत्रंही ही नावं खुशाल वापरतात.

पंतप्रधानांवरून आठवलं. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी इथे बालदिन असतो. त्या दिवशी मुलांना सरकारी कचेरी उघडी असते आणि चक्क पंतप्रधानांच्या खुर्चीत बसून फोटो काढता येतो. अलीकडे मोठी माणसंही त्या खुर्चीत फार वेळ टिकलेली नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये श्रेत्था पंतप्रधान झाले. एका वर्षात न्यायालयाने त्यांना पदावरून काढलं. मग पेथोंगथान शिनावात्रा आल्या, वय अवघं ३७. त्यांनाही २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने काढलं. सप्टेंबरमध्ये अनुतिन आले. म्हणजे दोन वर्षांत तिघं! त्याआधी २००६ आणि २०१४ साली तर लष्करानेच सत्ता हातात घेतली होती. २०२३ च्या निवडणुकीत ज्या पक्षाला सर्वांत जास्त जागा मिळाल्या, त्याला सरकार बनवता आलं नाही आणि पुढच्या वर्षी तो पक्षच विसर्जित करण्यात आला. मी आमच्या सोयीतल्या पपईवालीला ह्याबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "तिखट किती घालू?" इथे माणसं अशा गोष्टी रस्त्यात बोलत नाहीत. राजघराण्याबद्दल तर मुळीच नाही. राजाचा अपमान केल्याचा गुन्हा शाबीत झाला तर ३ ते १५ वर्षांची कैद असा कायदा आहे. पाहुण्याने तर जीभ दुप्पट सांभाळायची.

ही पपईवाली माझी पहिली मैत्रीण. वयाने मोठ्या बाईला वा पुरुषाला इथे 'पी' म्हणतात, धाकट्याला 'नोंग'. आपलं ताई-दादा आणि बाळ. म्हणून ती माझी पी. आमच्या इमारतीच्या मागे चाळीसारख्या खोल्या आहेत, तिथे ती राहते. मूळची सुरिन प्रांतातली, कंबोडियाच्या सीमेजवळची. पहाटे पिवळ्या-भगव्या वस्त्रातले भिक्षू अनवाणी येतात, त्यांच्या पात्रात ती भात घालते, मग गाडी लावते. गाडीवर मोठा मातीचा खल. त्यात कच्च्या पपईचा कीस, लसूण, मिरची, चवळीच्या शेंगा, लिंबू, दाणे घालून मुसळाने ठकठक ठकठक कुटायचं. ह्याला म्हणतात सोम तम. त्यात माशाचं पाणी असतं, म्हणून मी शाकाहारी बाई सुरुवातीला लांबूनच वास घेत असे. पीने मग माझ्यासाठी मीठ घालून वेगळं करायला सुरुवात केली. शेंगदाण्याचा कूट घातलेली आपली कोशिंबीर आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. थोडं मिरचीमुळेही आलं.

पीला महाराष्ट्र कुठे आहे हे सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. मुंबई म्हटलं तर सिनेमा. शेवटी एक युक्ती सापडली. तुम्हाला आठवतं का, २०१८ च्या जूनमध्ये इथल्या चियांग राय प्रांतात थाम लुआंग नावाच्या गुहेत फुटबॉल खेळणारी १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते? पाऊस सुरू झाला आणि परतीची वाटच पाण्याखाली गेली. अठरा दिवसांनी सगळे सुखरूप बाहेर आले. त्यांना वाचवताना समन कुनान हे माजी नौदल जवान मात्र गेले. त्या गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामी मदतीला आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ गेले होते. किर्लोस्करवाडी तर आमच्याच जिल्ह्यात! हे सांगितल्यावर पीने मुसळ खाली ठेवलं आणि मला हात जोडले. जसे काही मीच पंप चालवले होते!

पीची एक मुलगी आहे. समोरच्याच शाळेत. मी तिला नोंगच म्हणते. तिचं टोपणनाव एका छोट्या प्राण्याचं आहे, पण मासिकात लिहू नका अशी तिने ताकीद दिली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये ती सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. तोपर्यंत आमची ओळख म्हणजे जिन्यात 'सवत्दी खा' आणि हसणं, एवढीच.

ते वर्षच विचित्र निघालं. जानेवारीत हवा इतकी खराब झाली की गॅलरीतून मला शाळा धुरकट दिसू लागली. गाड्यांचा धूर, वर शेतकरी भाताचं तण आणि उसाचा पाला जाळतात त्याचा धूर. थंडीत वारा पडला की सगळा शहरावर बसून राहतो. २४ जानेवारीला बँकॉकमधल्या साडेतीनशेवर शाळा बंद ठेवल्या. लोकांनी आपापल्या गाड्या घरी ठेवाव्यात म्हणून आठवडाभर रेल्वे आणि बस फुकट! आठ वाजले, राष्ट्रगीताची वेळ झाली, आणि समोरचं पटांगण रिकामं. मला चहा गोड लागेना.

मग आला २८ मार्च. शुक्रवार होता. दुपारी सव्वा वाजून गेलेला. मी कुकर उतरवत होते, आणि गॅलरीतली कपड्यांची दोरी आपोआप झोके घ्यायला लागली. आधी वाटलं, मलाच चक्कर येतेय. मग भिंत करकरली. दिवा लंबकासारखा हलू लागला. मी गॅस बंद केला, चप्पल न घालता पाच मजले उतरले. कसे उतरले, विचारू नका. रस्त्यावर सगळी सोय गोळा झालेली. समोरच्या उंच इमारतीच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे, त्यातलं पाणी धबधब्यासारखं खाली कोसळत होतं. भूकंप झाला होता म्यानमारमध्ये, हजार किलोमीटरपेक्षा लांब. ७.७ तीव्रतेचा. पण बँकॉकखालची जमीन म्हणजे मऊ चिकणमाती. दह्याच्या भांड्याला धक्का लागला की कसं थरथरतं, तशी ती थरथरली. शहराच्या चतुचक भागात बांधकाम चाललेली एक उंच सरकारी इमारत पार जमीनदोस्त झाली, आणि कितीतरी कामगार तिच्याखाली गाडले गेले. त्यांतले बरेच जण पोटासाठी म्यानमारमधून आलेले. ते पुढे कित्येक दिवस शोधत होते.

आम्हाला त्या वेळी काहीच कळत नव्हतं. फोन लागेना. रेल्वे बंद. यजमान शहराच्या दुसऱ्या टोकाला. समोरच्या शाळेच्या रखवालदाराने फाटक उघडलं आणि सगळ्या सोयीला आत, पटांगणात बसवलं. वर काही पडेल असं तिथे काही नव्हतं ना! अशी मी त्या शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकलं. पावणेदोन वर्षं वरून पाहिलेली शाळा, आणि आत आले ती अनवाणी.

झेंड्याच्या कठड्याला टेकून बसले होते. पीची मुलगी येऊन शेजारी बसली. हात कापत होते तिचे. मी तिला जवळ घेतलं. मग हळूहळू तिचं लक्ष माझ्या वेणीकडे गेलं. माझी वेणी कमरेपर्यंत आहे. तिने ती हातात घेतली, पेड मोजले, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, थोडं थाईत विचारलं, "ख्रू, तुमच्या शाळेत मुलींचे केस कापत नाहीत?"

"नाही ग," मी म्हटलं. "आमच्याकडे उलट आहे. दोन वेण्या घालाव्या लागतात."

"आमचे आता कापणार नाहीत," ती म्हणाली. "कोर्टाने सांगितलंय."

ही गोष्ट मोठी आहे, बरं का. १९७२ साली इथे लष्करी राजवट होती, तेव्हा विद्यार्थ्यांनी केस कसे ठेवायचे याचा हुकूम निघाला. त्यावरून १९७५ साली शिक्षण खात्याने नियम केले. मुलांचे बारीक, मुलींचे आखूड. तपासणीत कुणाचे केस बोटभर जास्त निघाले तर काही शिक्षक कात्रीने तिथेच, सगळ्यांसमोर, मुद्दाम वेडेवाकडे कापायचे. म्हणजे घरी जाऊन सगळे कापावेच लागतील. २०२० साली मुलं ह्याविरुद्ध बोलू लागली. बँकॉकच्या गजबजलेल्या बाजारात एक शाळकरी मुलगी गणवेशात, तोंडाला चिकटपट्टी लावून, खुर्चीवर बसली होती. समोर कात्री ठेवलेली आणि गळ्यात पाटी: हिचे केस नियमापेक्षा लांब आहेत, हिला शिक्षा करा. त्याच वर्षी २३ विद्यार्थी न्यायालयात गेले. खात्याने नियम जरा सैल केले, मग २०२३ साली म्हटलं की शाळांनी आपापलं ठरवावं. पुष्कळ शाळांनी जुनंच ठरवलं! आणि शेवटी २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १९७५ चा तो नियमच रद्द केला. मुलांच्या स्वातंत्र्यात तो ढवळाढवळ करतो, आजच्या काळाशी जुळत नाही, असं म्हटलं. ज्या २३ जणांनी अर्ज केला होता, ते तोवर शाळा संपवून मोठेही झाले असतील.

"तुझे कधी कापले होते?" मी विचारलं.

तिने मान हलवली. पाचवीत. ह्याच पटांगणात. "मला रडू नव्हतं आलं," ती म्हणाली. "आईला आलं."

आणि मग तिने ते विचारलं. "ख्रू, तुम्ही कुणाला शिक्षा केली होती का? केसांसाठी?"

नाही म्हणणार होते. जीभ वळली नाही. पाठीला टेकलेला झेंड्याचा खांब अजून हलतोय असं वाटत होतं.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. दर सोमवारी परिपाठाला सुविचार तीच सांगायची, खणखणीत आवाजात. एकदा तिच्या आईने तिचे केस अगदी मुलासारखे कापून टाकले, उवा फार झाल्या होत्या म्हणून. आमचा नियम दोन वेण्या, लाल रिबिनी. त्यात तपासणीला साहेब येणार होते. मी तिला म्हटलं, "केस वाढेपर्यंत मागच्या रांगेत उभी राहा." सुविचार दुसरीला दिला. रांग कशी छान दिसली! ती दिवाळीपर्यंत मागेच उभी राहिली. केस वाढले, वेण्या आल्या. पण सुविचार सांगायला तिने पुन्हा हात वर केला नाही, आणि मीही विचारलं नाही. साहेबांनी शेरा चांगला दिला होता, तो मी जपून ठेवलाय.

हे सगळं मी त्या मुलीला जमेल त्या भाषेत सांगितलं. ती ऐकून गप्प बसली. 'माय पेन राय' म्हणतात इथे, म्हणजे 'असू दे, काही हरकत नाही'. धक्का लागला, दूध सांडलं, गाडी चुकली, माय पेन राय. मला वाटलं ती तेच म्हणेल. ती नाही म्हणाली.

रात्री नऊच्या सुमाराला यजमान पायी चालत आले. शहरात लाखो माणसं अशीच चालत होती. ज्यांना घरी जाता येईना, त्यांच्यासाठी काही बागा रात्रभर उघड्या ठेवल्या होत्या. आम्ही मात्र पटांगणातच बसून राहिलो. पीने उरलेला चिकट भात सगळ्यांना वाटला.

मे महिन्यात शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी आठच्या आधीच गॅलरीत. मुलींच्या रांगेत अजून बरीचशी डोकी पूर्वीसारखीच होती. पण चार-पाच जणींचे केस मानेपर्यंत आले होते. त्यांतली एक वर बघून हात हलवत होती! एक शिक्षिका त्यांच्यापाशी थांबल्या. हातात पट्टी होती. मी कठडा घट्ट धरला. त्या काहीतरी बोलल्या आणि पुढे गेल्या. मग संध्याकाळी कळलं, त्या म्हणाल्या होत्या, "क्लिप लाव, डोळ्यांवर येतात."

जूनमध्ये एका गुरुवारी तिथे 'वाय ख्रू' होता. गुरूला वंदन करायचा दिवस. शिक्षक खुर्च्यांवर बसतात, मुलं गुडघ्यांवर चालत येऊन फुलांचं तबक देतात. तबकात काय असतं ठाऊक आहे? एक्झोराची फुलं, कारण त्याच्या कळ्या सुईसारख्या टोकदार, तशी बुद्धी व्हावी. वांग्याचं फूल, कारण ते खाली वाकलेलं असतं. लाह्या, कारण त्या तव्यावर झाकणाखालीच नीट फुटतात, म्हणजे शिस्त. आणि दूर्वा! अगदी आपल्या गणपतीच्या दूर्वा. कितीही तुडवल्या तरी पुन्हा फुटतात म्हणून. त्या संध्याकाळी दार वाजलं. पीची मुलगी उभी होती. तबक शाळेत देऊन झालं होतं, हातात उरलेल्या चार दूर्वा. "तुमचा वर्ग नाही ना," म्हणाली, आणि देऊन पळाली. त्या मी देवापाशी ठेवल्या.

जुलैच्या शेवटी पीची गाडी आठवडाभर लागली नाही. कंबोडियाच्या सीमेवर २४ तारखेला तोफा सुरू झाल्या होत्या. तिची म्हातारी आई सुरिनमध्ये. सीमेजवळच्या गावांतून लाखाहून जास्त माणसांना हलवलं, शाळा बंद, मुलं-म्हातारी सगळी छावण्यांत. पी एका रात्रीत बसने गेली. पाच दिवसांनी लढाई थांबली, म्हणून आई घेऊनच परत आली. डिसेंबरमध्ये ती पुन्हा पेटली, २७ तारखेला पुन्हा थांबली. आजी आता बँकॉकमध्येच आहे. तिला इथला आवाज सोसत नाही. फटाका वाजला तरी ती खाटेखाली बघते. नात तिच्याजवळ झोपते.

ऑक्टोबरपर्यंत नातीचे केस खांद्याला टेकू लागले होते. तिला माझ्यासारखी वेणी हवी होती. मी पाहुरत बाजारात गेले. तिथे आपले भारतीय कापडवाले आहेत. पाव मीटरच्या दोन लाल रिबिनी आणल्या. मनात ती चौथीतली मुलगी होती, दुसरं कोण असणार! पण २४ ऑक्टोबरला राजमाता सिरिकित वारल्या, वय ९३. दुसऱ्या दिवशी सगळं शहर काळ्या-पांढऱ्या कपड्यांत. मुलगी आली आणि म्हणाली, "ख्रू, लाल नको. काळी." मी जुन्या ओढणीची काठपट्टी फाडली.

५ नोव्हेंबरला लोई क्राथोंग होतं. आपल्याकडे त्याच रात्री त्रिपुरी पौर्णिमा. आपण देवळात दीपमाळ लावतो, इथे केळीच्या खांबाची चकती कापून, पानांच्या घड्यांनी सजवून, त्यात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती लावून पाण्यावर सोडतात. एरवी आतषबाजी असते, ती त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी नव्हती. कालव्याच्या घाटावर गर्दी होती, पण आवाज बेताचा. सकाळी सफाईवाले हे लाखो दिवे गोळा करतात, म्हणून पीने सबंध घराला मिळून एकच करायचा असं ठरवलं होतं. आजी, पी, मुलगी, मी आणि यजमान, पाच जणांत एक.

मुलीच्या दोन वेण्या मीच घातल्या होत्या. बोटाएवढ्या, शेपटीसारख्या वर वळलेल्या. काळ्या पट्ट्या.

दिवा सोडायच्या आधी आजीने कमरेची छोटी कात्री काढली. इथे रीत आहे: नखाचा तुकडा, केसांची बट दिव्यात ठेवायची, म्हणजे वर्षाची पीडा पाण्याबरोबर जाते. आजीने आपली नखं ठेवली. पीने बट कापली. मग कात्री मुलीकडे आली. तिने दोन्ही वेण्या हाताने धरल्या, एकदा आजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कानामागचा एक केस शोधून काढला, तो कापला आणि मेणबत्तीपाशी ठेवला.

"एवढाच?" आजी म्हणाली.

"एवढाच," ती म्हणाली, आणि कात्री परत दिली.